धावपट्टी विद्यापीठाच्या मालकीची

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने एका प्रयोगाचा अहवाल काढला. त्यासाठी वीस जण निवडले होते. विमान उडवता सगळ्यांना येत होतं, पण बाहेरचं काहीच दिसत नसताना निव्वळ उपकरणांवर नजर ठेवून उडवायचा सराव एकालाही नव्हता. प्रत्येकाला प्रशिक्षकासोबत वर नेलं, मग बाहेरचं दिसणं बंद केलं आणि घड्याळ लावलं. थोडक्यात, विमान ढगात शिरलं तर काय होईल याची तालीम. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. सगळ्यात आधी हरला तो २० सेकंदांत. सगळ्यात जास्त तग धरला त्याने ४८० सेकंद काढले. सरासरी आली १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटंही नाहीत.

विसांतले एकोणीस एकाच पद्धतीने फसले. विमान नकळत एका बाजूला कलतं, नाक थोडं खाली जातं, वेग वाढू लागतो. वैमानिकाला फक्त वाढलेला वेग आणि घटणारी उंची दिसते, म्हणून तो नाक वर घ्यायला दांडा ओढतो. पण विमान आधीच कललेलं असल्यामुळे ओढण्याने ते वर जात नाही, उलट वळण आणखी आवळतं. हा फास किती घट्ट होतोय हे शरीराला कळत का नाही, याचं उत्तर कानात आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळण सुरू होताना मागे रेंगाळतो आणि त्यामुळे आपल्याला वळल्याचं जाणवतं. वळण एकसारखं चालू राहिलं की काही सेकंदांत द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो आणि संवेदना विरून जाते. विमान गरगर खाली चाललंय आणि वैमानिकाला मात्र आपण सरळ चाललोय असं वाटतं.

संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सुटकेची कृती बसवली: चाकं खाली करा, इंजिनाची ताकद कमी करा, ट्रिम (दांडा न धरताही नाक एका जागी ठेवणारी सोय) लावून वेग स्थिर करा, दांड्यावरचे हात चक्क काढून घ्या आणि फक्त पायाखालच्या रडरने (शेपटीवरच्या उभ्या, हलत्या फळीने) सावकाश उलटं वळा. थोड्या तालमीनंतर त्याच वैमानिकांना हे जवळजवळ दर वेळी जमलं. विमान स्वतःला सावरू शकतं, माणसाचे हातच त्याला बिघडवत असतात, हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

हा प्रयोग झाला त्या विद्यापीठाकडे स्वतःचा विमानतळ होता. १९४५ साली सुरू झालेला हा विलर्ड विमानतळ आजही इलिनॉय विद्यापीठाच्याच मालकीचा आहे. असा प्रयोग दुसरीकडे झालाच नसता असं मी म्हणणार नाही. पण त्याचं स्वरूप पाहा: तेच विमान, तीच कृती, पुन्हा पुन्हा, एकामागून एक माणूस. हवा बिघडली तर थांबायचं, निवळली की लगेच निघायचं. गजबजलेल्या प्रवासी विमानतळावर असं वेळापत्रक मागायला गेलं तर नियंत्रण टॉवरमधला माणूस आधी हसेल.

वैमानिकी शिकवायला स्वतःचा विमानतळ लागतोच असं नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठाचं वैमानिक प्रशिक्षण अमेरिकेतल्या सर्वात मोठ्यांपैकी एक, पण ते ग्रँड फोर्क्सच्या सार्वजनिक विमानतळावरून चालतं. एंब्री-रिडल या वैमानिकी विद्यापीठाचे विद्यार्थीही डेटोना बीचच्या सार्वजनिक विमानतळावरूनच उडतात. मग विद्यापीठाने धावपट्टीचा भार डोक्यावर का घ्यावा? मालकीतून मिळते ती मुख्यतः वेळेवरची सत्ता. धावपट्टी कोणाला कधी द्यायची, दुरुस्तीसाठी कधी बंद ठेवायची, एखादं विचित्र उपकरण तिच्या कडेला महिनाभर ठेवायचं का, हे आपण ठरवू शकतो. बाकी फायदे त्यामागून येतात.

शिकणाऱ्याच्या बाजूने बघायचं तर सर्किट घ्या. उड्डाण, सुमारे हजार फूट उंची, डावीकडे दोन वळणं, धावपट्टीला समांतर उलटा प्रवास, पुन्हा दोन वळणं आणि उतरणं. चाकं टेकली की न थांबता पुन्हा उड्डाण, याला ‘टच अँड गो’ म्हणतात. आभाळ मोकळं असेल तर एक फेरी पाच-सात मिनिटांत होते. मध्ये मोठं प्रवासी विमान आलं तर त्याच्या पंखांच्या टोकांपासून निघालेले हवेचे भोवरे विरेपर्यंत छोट्या विमानाला दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं, आणि इंजिन सुरू असल्याने पैशाचं मीटर पडतच असतं. उतरण्याची कला निव्वळ संख्येने येते. तासात आठ वेळा उतरणारा आणि तीन वेळा उतरणारा यांच्या लॉगबुकात तास सारखेच दिसतात.

पर्ड्यू विद्यापीठाने हे फार आधी ओळखलं. इंडियाना राज्यातल्या या विद्यापीठाला विश्वस्त डेव्हिड रॉस यांनी जमीन दिली आणि १९३४ मध्ये तिथे विमानतळ सुरू झाला. अमेरिकेत विद्यापीठाच्या मालकीचा हा पहिला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध वैमानिक अमेलिया एअरहार्ट तिथे विद्यार्थिनींची मार्गदर्शक म्हणून आली. तिच्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानासाठी विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानने निधी उभारला आणि त्या विमानाला ‘उडती प्रयोगशाळा’ म्हटलं गेलं. १९३७ च्या जुलैत ती त्याच विमानासह पॅसिफिकवर नाहीशी झाली.

उडती प्रयोगशाळा हे नुसतं बिरुद नाही. इंग्लंडमधलं क्रॅनफिल्ड हा मुळात ब्रिटिश हवाई दलाचा तळ. १९४६ मध्ये तिथे वैमानिकी शास्त्राचं महाविद्यालय निघालं, त्याचं पुढे विद्यापीठ झालं आणि विमानतळ त्याच्याकडेच राहिला. तिथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी खऱ्याखुऱ्या विमानात बसून प्रयोग करतात. वर्षानुवर्षं हे काम जेटस्ट्रीम विमानाने केलं, आता साब ३४० करतं. प्रवासी आसनांसमोर पडदे असतात आणि वेग, उंची, कल यांचे आकडे तिथल्या तिथे दिसतात.

त्यांतला एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. वैमानिक विमान सरळ, स्थिर उडवतो, मग नाक थोडं उचलून वेग कमी करतो आणि दांडा सोडून देतो. वेग घटल्याने उचल, म्हणजे पंखांना वर ढकलणारा हवेचा जोर, कमी पडते, म्हणून नाक खाली येतं. खाली जाताना वेग वाढतो, उचल वाढते आणि विमान पुन्हा चढू लागतं. झोपाळ्यासारखी उंचीची वेगात आणि वेगाची उंचीत अदलाबदल चालू राहते. या हेलकाव्याला ‘फ्युगॉइड’ म्हणतात. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याचं गणित मांडलं. त्या सोप्या गणितात हेलकाव्याचा काळ विमानाच्या वजनावर किंवा आकारावर अवलंबून नसतो, फक्त वेगावर असतो. सेकंदाला ८० मीटर वेग असेल तर एक हेलकावा साधारण ३६ सेकंदांचा. फळ्यावर हे सूत्र दोन मिनिटांत लिहून होतं. पण घड्याळ हातात धरून, पोटात कालवाकालव होत असताना मोजलेली सेकंदं सूत्राच्या आसपास येतात, आणि थोडी चुकतातही. ती का चुकली हे शोधायला लागणं म्हणजेच अभियांत्रिकीचं शिक्षण.

आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या आवारात धावपट्टी आहे आणि तिला जोडून उड्डाण प्रयोगशाळा. एरोस्पेसचे विद्यार्थी तिथे अशाच चाचण्या करतात. कृत्रिम पावसाच्या अलीकडच्या प्रयोगांसाठी विमान याच धावपट्टीवरून उडालं. राजस्थानातल्या बनस्थली विद्यापीठात तर मुलींना विमान उडवायला शिकवायची सोय १९६० च्या दशकापासून आहे. तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालेलं नाही.

विमानतळ हा स्वतःच अभ्यासाचा विषय होतो, हा भाग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळावर दिवसात किती विमानं उतरली, हा साधा प्रश्न. पण मोजायला कोणी नसतं. मग विमानांच्या ट्रान्सपाँडरचे, म्हणजे विमानाची ओळख आपोआप कळवणाऱ्या रेडिओ यंत्राचे, संदेश पकडून मोजणी करायच्या पद्धतीवर पर्ड्यूत काम झालं. क्रॅनफिल्डने २०१८ मध्ये काचेच्या टॉवरऐवजी कॅमेरे आणि पडद्यांवरून हवाई वाहतूक सांभाळायची यंत्रणा आणली. तिथूनच सप्टेंबर २०२० मध्ये झीरोएव्हिया कंपनीचं हायड्रोजनच्या इंधनघटावर (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलवर) चालणारं सहा आसनी पायपर विमान उडालं. नव्या इंधनाचं विमान पहिल्यांदा उडवताना आजूबाजूला प्रवाशांची रांग नसलेली बरी.

इंधनावरून शिशाचा मुद्दा आला. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं कधीच गेलं, पण पिस्टन इंजिनाच्या बहुतेक प्रशिक्षण विमानांना लागणाऱ्या ‘१०० लो लेड’ इंधनात ते अजून आहे, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. नॉर्थ डकोटाने २०२३ मध्ये आपला ताफा बिनशिशाच्या इंधनावर नेला आणि काही महिन्यांतच इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजताना दिसल्यावर मागे फिरला. एकाच जातीची विमानं, प्रत्येकाच्या देखभालीची चोख नोंद आणि रोजचं भरपूर उड्डाण, म्हणूनच ही झीज इतक्या लवकर पकडता आली. शिकाऊ विमानं एका जागी सतत घिरट्या घालतात, तेव्हा शिशाचा सगळ्यात जास्त त्रासही त्याच परिसराला. विद्यापीठाच्या विमानतळाने या प्रश्नाकडे पाठ फिरवली तर ते शोभणार नाही.

आता खर्चाची बाजू. विमानतळ घेतला की विद्यापीठ जमीनदार होतं, दिवाबत्ती आणि गवत सांभाळणारं होतं, अग्निशमनाची जबाबदारी घेणारं होतं. अमेरिकेत केंद्राचं अनुदान घेतलं की अटी येतात: विमानतळ सर्वांना खुला ठेवायचा, कोणाशी दुजाभाव करायचा नाही आणि विमानतळाचं उत्पन्न विमानतळावरच खर्च करायचं. म्हणजे हँगरच्या भाड्यातून ग्रंथालय बांधता येत नाही. मघाशी म्हटलेली वेळेवरची सत्ताही इथे थोडी पातळ होते. पर्ड्यूने २०२४ मध्ये वीस वर्षांच्या खंडानंतर प्रवासी सेवा पुन्हा आणली. गावाला आनंद झाला असणार, पण शिकाऊ विमानांना आता वेळापत्रकातल्या विमानाला वाट द्यावी लागणार.

आणि जमीन. शहर वाढत विमानतळाच्या कुंपणापर्यंत येतं, आवाजाच्या तक्रारी सुरू होतात आणि प्रशासनाला त्या मोकळ्या एकरांवर इमारती दिसू लागतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा चॅपल हिलमधला होरेस विल्यम्स विमानतळ २०१८ मध्ये बंद झाला. ती जागा विद्यापीठाला नव्या संकुलासाठी हवी होती. इलिनॉयची गोष्ट उलटी आणि जास्त खटकणारी. १७८ सेकंदांचा प्रयोग करणारी तिथली वैमानिकी संस्था बंद करायचा निर्णय २०११ मध्ये विश्वस्तांनी घेतला. नंतर वैमानिक प्रशिक्षण शेजारच्या पार्कलँड महाविद्यालयाने चालवायला घेतलं. विमानतळ विद्यापीठाकडे राहिला, ज्याच्यासाठी तो होता ते शिक्षण गेलं.

म्हणून नवा विमानतळ काढू पाहणाऱ्या विद्यापीठाने आधी अभ्यासक्रम पक्का करावा, काँक्रीट नंतर. जुना, पडून असलेला हवाई तळ मिळत असेल तर उत्तम; क्रॅनफिल्ड तसंच उभं राहिलं. कोऱ्या जमिनीवर बांधायचं असेल तर पहिला प्रश्न वाऱ्याचा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची शिफारस अशी की धावपट्टीची दिशा किमान ९५ टक्के वेळ वापरता येईल अशी असावी, आणि आखूड धावपट्टीवरच्या छोट्या विमानांसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा १० नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर, धरावी. वीस नॉटचा वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून आला तर त्याचा आडवा भाग नेमका १० नॉट होतो, म्हणजे एवढाशा कोनातच मर्यादा गाठली जाते. या हिशेबासाठी वाऱ्याच्या नोंदी शक्यतो ५ वर्षांच्या असाव्यात, दिवसातून निदान ८ वेळा, सारख्या अंतराने घेतलेल्या. गुणाकार केला तर १४,६०० नोंदी होतात. जागेवर एक खांब, त्यावर वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारी यंत्रं, आणि आळीपाळीने ती तपासणारे विद्यार्थी: एवढ्यावर पहिल्या दोन-तीन तुकड्यांचे प्रबंध सहज होतील, आणि त्या वेळी तिथे विमान तर सोडाच, साधी मुरमाची पट्टीही नसेल.