मड मोटर बसवताय? आधी दांडी जमवा, मग कार्ब्युरेटरकडे बघा

मड मोटर म्हणजे लांब दांडीच्या टोकाला पंखा असलेली, गाळातही चालणारी बोटीची मोटर. आमच्याकडनं ती नेलेल्या बऱ्याच लोकांचा पहिला फोन एकच असतो, मोटर जोर देत नाही, आणि फोन करायच्या आधी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून झालेला असतो. प्लीज तसं करू नका. इंजिन 6.5 एचपीचं, हवेवर थंड होणारं, शेतातल्या पंपाला असतं तसलंच आहे आणि सेट होऊनच येतं. गडबड बहुतेक वेळा पंखा पाण्यात कसा बसलाय त्यात असते.

या इंजिनाला थंड व्हायला पाणी ओढावं लागत नाही, म्हणून तर ते गाळात, जलपर्णीत चालतं. साधं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं नेहमीचं इंजिन, थंड व्हायला पाणी ओढतं, त्याच पाण्याबरोबर चिखल आत जातो आणि इंजिन तापतं.

मोटर जिथे बसते ती बोटीची मागची फळी जरासुद्धा हलता कामा नये. फायबर पातळ असेल तर आतनं मरीन प्लायचा तुकडा लावा, मोठे वॉशर आणि लॉकनट घाला, थरथर फार असते. मग बोट पाण्यात टाका आणि रोज जितकी माणसं बसतात तितकी बसवा, रिकाम्या बोटीवरचं सेटिंग कामाचं नाही. दांडी अशी ठेवा की पंखा पाण्याच्या जेमतेम खाली राहील आणि चालताना इंजिन शक्य तितकं सपाट राहील, कारण फार कललं की ऑइल एका बाजूला जातं, ऑइल कमी आहे असं समजून सेन्सर इंजिन बंद पाडतो आणि माणूस उगाच प्लग बदलत बसतो.

आता फुल रेस द्या. इंजिन नुसतं ओरडतंय, मागे पांढरा फेस आणि बोट जागची हलत नाही, म्हणजे पंखा हवा ओढतोय, दांडी थोडी खाली घ्या. उलट इंजिन दबून चालतंय, 3600 आरपीएमच्या जवळही जात नाही, तर पंखा फार खोल आहे किंवा मोटरला जड पडतोय. आधी वर घेऊन बघा, तरी नाहीच जमलं तर कमी पिचचा, म्हणजे पाती कमी तिरकी असलेला पंखा आम्ही बदलून देतो.

पंख्याच्या वर दांडीला असलेल्या आडव्या पट्टीकडे कुणी बघतच नाही, आणि खरी मजा तिथेच आहे! पंखा सारखा खाली बुडत असेल तर पट्टीची मागची कड पकडीने किंचित खाली वाकवा, पाण्याबाहेर उसळत असेल तर किंचित वर. अगदी थोडं वाकवायचं, चालवून बघायचं, मग परत. नीट जमलं की हँडल दोन बोटांनी धरता येतं.

या मोटरला क्लच नाही, इंजिन सुरू झालं की पंखा फिरायला लागतो, म्हणून सुरू करताना दांडी पाण्याबाहेर आणि माणसं लांब. बंद करायची दोरी मनगटाला. पंख्यात जलपर्णी अडकली तर इंजिन बंद करून दांडी बोटीत ओढून घ्या, पाण्यात हात घालू नका, आपल्या वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे तुम्हाला सांगायला नको. आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाला, बसलेल्या लहान पोरालासुद्धा. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्यातल्याच हरणीच्या तळ्यात बोट उलटून शाळेची मुलं गेली, त्यानंतर याबाबतीत आम्ही कुणाचंही ऐकून घेत नाही.

पहिल्या 20 तासांनी ऑइल बदला, पुढे दर 100 तासांनी, दांडीला ग्रीस मात्र प्रत्येक फेरीनंतर. पहिलं ऑइल आम्हीच बदलून देऊ, येताना दांडी धुऊन आणा.