लॉकडाउनमधली ‘घट’ नेमकी कशाच्या तुलनेत?

धुराडी बंद पडली की हवा सुधारते, हे २०२०च्या आधीही दिसले होते. अमेरिकेतल्या यूटा खोऱ्यातला पोलाद कारखाना १९८६-८७मध्ये सुमारे वर्षभर बंद होता. त्या हिवाळ्यात श्वसनविकारांमुळे दवाखान्यात भरती होणारी मुले बरीच कमी झाली. २००८च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगने काही आठवडे वाहने आणि कारखाने आवरले. पण हे सगळे एकेका परिसरापुरते होते.

२३ जानेवारी २०२०ला वुहान बंद झाले. काही आठवड्यांतच उपग्रहांच्या नकाशांवर चीनवरचे, गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडचे गडद डाग फिके पडले. मग उत्तर इटली, आणि २५ मार्चपासून भारत. हा वायू हवेत काही तासच टिकतो, त्यामुळे गाड्या थांबल्या की लगेच ओसरतो. एप्रिलच्या सुरुवातीला पंजाबातल्या जालंधरच्या गच्च्यांवरून हिमालयातली धौलाधारची बर्फाळ रांग दिसू लागली.

गोंधळ झाला तो ‘घट’ या शब्दाचा. एकाच शहराबद्दल टक्क्यांचे वेगवेगळे आकडे फिरत होते, आणि प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर होता! कुणी लॉकडाउनच्या आधीच्या आठवड्यांशी तुलना केली. पण चिनी नववर्ष २५ जानेवारीला होते, आणि त्या सुट्टीत प्रदूषण दरवर्षीच उतरते. शिवाय हिवाळा सरून ऊन वाढले की नायट्रोजन डायऑक्साइड लवकर विघटित होतो. लॉकडाउन नसता तरी जानेवारीपेक्षा मार्चचा आकडा कमीच आला असता. कुणी आदल्या वर्षीचा तोच महिना घेतला. पण उत्तर युरोपातला २०२०चा फेब्रुवारी वादळी होता आणि वाऱ्याने हवा आधीच धुऊन काढली होती. कुणी मागच्या काही वर्षांची सरासरी धरली. चीनची हवा तर २०१३नंतरच्या कडक नियमांमुळे मुळातच सुधारत होती, म्हणजे त्या सुधारणेचे श्रेयही लॉकडाउनच्या खात्यावर जमा झाले.

म्हणून वारा, तापमान, पाऊस यांचा हिशेब करून ‘लॉकडाउन नसता तर किती असते’ हे काढणारी पद्धतच मला खरी वाटते. ती लावल्यावर अनेक शहरांतली घट सुरुवातीच्या मथळ्यांपेक्षा लहान निघाली. तरी ती उरलीच. रहदारीचा वाटा केवढा आहे हे इतक्या स्वच्छपणे आधी कधी मोजता आले नव्हते, आणि फुगवलेल्या आकड्यांनी त्याच पुराव्याचे नुकसान केले.

शिवाय सगळे प्रदूषक एका सुरात उतरले नाहीत. गाड्यांमधून निघणारा नायट्रिक ऑक्साइड रस्त्याकाठचा ओझोन (जमिनीलगत तोही प्रदूषकच) खाऊन टाकतो. गाड्या गेल्या, हा खाणाराही गेला, आणि कित्येक शहरांत ओझोन वाढला. फेब्रुवारीत बीजिंगवर दाट धुरके दाटले, तेही शहर ठप्प असताना. हवा दमट आणि थांबलेली होती, आणि सूक्ष्म कण सगळेच धुराड्यांतून थेट येत नाहीत. बरेचसे हवेतच, वायूंच्या रासायनिक क्रियांमधून तयार होतात.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट निराळी. त्याचे जगभरातले उत्सर्जन २०२०मध्ये सुमारे ५ टक्क्यांनी घटले, पण तो शतकानुशतके टिकतो, त्यामुळे वातावरणातला साठा त्या वर्षीही वाढलाच. नायट्रोजन डायऑक्साइडचे डाग मात्र चीनच्या नकाशावर निर्बंध सैल होताच काही आठवड्यांत पुन्हा गडद होऊ लागले.