मुंबईच्या गच्चीवर कुलिंग टॉवर केवढा हवा?

"चिलर शंभर टनांचा आहे ना, मग टॉवरही शंभर टनांचा घ्या." गच्चीवर टॉवर बसवायची चर्चा निघाली की हे वाक्य हमखास कानावर येतं. चिलर म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र; त्याने बाहेर टाकलेली उष्णता पाण्यातून हवेत सोडतो तो कुलिंग टॉवर. यात दोन गोष्टी निसटतात.

पहिली सोपी. चिलरचा एक टन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी उष्णता काढून घेणं. खोल्यांमधल्या या उष्णतेत कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता मिसळते, म्हणून सुमारे सव्वापट धरायचं: शंभर टनांना ३,७८,००० किलोकॅलरी. ही उष्णता घेऊन टॉवरवर येणारं पाणी ३७ अंशांवरून ३२ वर आणायचं तर तासाला ७५,६०० लिटर फिरवावं लागेल. टॉवर विकणाऱ्यांच्या 'टना'त ही सव्वापट बऱ्याचदा आधीच धरलेली असते, म्हणून टन विचारू नका, किलोकॅलरी विचारा.

दुसरी गोष्ट हवेची, आणि खरी मौज तिथे आहे. हवा ३३ अंशांची असताना त्याच हवेत पाणी ३२ पर्यंत निवतं! शेवटच्या टप्प्यात, पाणी ३३ च्या खाली गेल्यावर, हवा त्याला किंचित तापवत असते, पण थेंबावरून उडणारी वाफ किलोमागे सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. माठाचं पाणी असंच गार होतं. दोन्ही व्यवहार जिथे बरोबरीला येतात ते वेट बल्ब तापमान, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकावरचा आकडा. पाणी त्याखाली जात नाही. नागपूरच्या मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना हा आकडा २३ च्या आसपास असतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्क्यांना तो २८. त्यामुळे 'एसीसारखा गारवा' देणाऱ्या कूलरची जाहिरात मुंबईत तरी विश्वास ठेवण्यासारखी नाही.

जर्मन अभियंते फ्रीडरिश मेर्केल यांनी १९२५ मध्ये दाखवलं की उष्णतेला बाहेर ओढणारा जोर तापमानातल्या नव्हे, एन्थाल्पीतल्या, म्हणजे हवेत बाष्पासकट साठलेल्या एकूण उष्णतेतल्या, फरकाचा असतो. पाण्याला चिकटलेल्या संपृक्त (बाष्पाने पूर्ण भरलेल्या) हवेची एन्थाल्पी ३२ अंशांना किलोमागे सुमारे ११० किलोज्यूल, आत येणाऱ्या २८ वेट बल्बच्या हवेची ९०. फरक २०. पाणी ३० अंशांचं हवं म्हणालात तर तळाशी फरक उरतो जेमतेम १०. उष्णता तेवढीच, ओढ निम्मी, मग फिल (टॉवरच्या आत पाणी पसरवणारा भराव) आणि हवा दोन्ही वाढवावी लागतात. अगदी २८ चं पाणी मागितलंत तर टॉवर अनंत मोठा लागेल.

म्हणून मागणीपत्रात किलोकॅलरीच्या शेजारी वेट बल्ब लिहाच. आणि गच्चीचा कठडा बघा. उंच भिंतींच्या कोंडाळ्यात टॉवर ठेवला की स्वतःचीच दमट हवा तो पुन्हा ओढतो. मग हवामान खात्याच्या नोंदीत वेट बल्ब २८ असला, तरी टॉवरच्या तोंडाशी तो २९ किंवा ३० झालेला असतो.