पडद्यामागचा भागीदार

घरच्या धंद्यात एकाच्या डोक्यातून कल्पना निघतात आणि दुसरा त्यांना पैसा, माल आणि गिऱ्हाईक मिळवून देतो. त्या दुसऱ्या माणसाला पडद्यामागचा भागीदार म्हणतात. बहुधा तो थोरला भाऊ असतो. कधी मेव्हणा, कधी बायको. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या दुकानांत त्याची जागा गल्ल्यावर. बाहेरच्याला तो नुसता हिशेब बघणारा वाटतो. पण कोणती कल्पना यंदा पेलेल आणि कोणती पुढच्या वर्षावर टाकायची हे तोच ठरवतो, आणि ते ठरवायला कलेची जाण लागते.

त्याची गल्लत निष्क्रिय भागीदाराशी करू नये. निष्क्रिय भागीदार भांडवल घालून नफ्याचा वाटा घेतो, रोजच्या कामात नसतो. इथे रोज सकाळी कुलूप उघडणारा माणूस अभिप्रेत आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याला कल्पक भागीदार आणि व्यवहारी भागीदार असा फरक ठाऊक नाही. कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला सगळे भागीदार मिळून आणि प्रत्येक जण एकटाही जबाबदार असतो. धाकट्याने हौसेने महागडा माल मागवला आणि तो अंगावर पडला, तर थोरल्याचं राहतं घरही त्यात सापडू शकतं. त्याच्या नकाराला कंजूषपणा म्हणणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं.

मराठी मुलखात याचं सगळ्यात ठळक उदाहरण किर्लोस्कर बंधूंचं. लक्ष्मणराव (१८६९–१९५६) वडिलांच्या मनाविरुद्ध मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तेव्हा खर्चाचा भार थोरल्या रामूअण्णांनी उचलला. पुढे लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळलं. चित्रकला सुटली, यंत्रांची रेखाटनं राहिली आणि ते मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर लक्ष्मणरावांचा. माळरानावरच्या त्या वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला तो पुढच्या पिढीच्या, शंतनुरावांच्या काळात. पहिल्या पिढीची खूण मात्र ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावात टिकली आहे.

प्रभात फिल्म कंपनी एका कुटुंबाची नव्हती, पण तिचं दुखणं घरच्या धंद्याचंच होतं, म्हणून तिचा विचार इथे करायला हवा. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच जणांनी ती काढली: व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे चित्रपटाचे कारागीर. कुलकर्णी सराफ, त्यांनी पैसा उभा केला. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. चित्रपट गावोगाव पोचवण्याची बाजू बाबूराव पै यांनी सांभाळली आणि पुढे तेही भागीदार झाले. ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, तेव्हा चर्चा साहजिकच दिग्दर्शकांची आणि तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांची झाली. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले वारले आणि पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली. माझ्या मते प्रभातची गोष्ट या नोंदीची दुसरी बाजू दाखवते: पडद्यामागची घडी कितीही नीट बसलेली असो, पडद्यापुढचा माणूस उठून गेला की ती फार दिवस पुरत नाही. प्रभातच्या त्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

परदेशातलं नेहमीचं उदाहरण वॉल्ट आणि रॉय डिस्ने यांचं. १९२३ मध्ये कंपनी दोघा भावांच्या नावाने निघाली. १९२६ पासून नाव एकट्या वॉल्टचं झालं. रॉय पैशाची बाजू बघत राहिले. १९६६ मध्ये वॉल्ट वारल्यावर त्यांनी आपली निवृत्ती लांबवली, फ्लोरिडातलं ‘डिस्ने वर्ल्ड’ हे करमणुकीचं उद्यान १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये खुलं केलं आणि त्याच्या नावात ‘वॉल्ट’ हा शब्द आग्रहाने घातला. त्याच डिसेंबरात तेही गेले.

आजच्या पुण्यात हे नातं जवळून बघायचं तर आषाढ-श्रावणात गणपतीच्या कारखान्यात जावं. हा धंदा मुळातच उलटा: शाडू, रंग आणि मजुरी यांचा खर्च महिनोन्‌महिने चालू असतो, आणि बहुतेक पैसा भाद्रपदाच्या तोंडावर एकदम येतो. मधलं अंतर भरून काढणं हे पडद्यामागच्या भावाचं काम. तो विसार घेऊन मूर्तीच्या पाटाला नावाची चिठ्ठी लावतो, रंगवाल्याला चतुर्थीनंतरचा वायदा देतो, पतपेढीचा हप्ता सांभाळतो. आतल्या खोलीत धाकटा डोळ्यांची आखणी करत असतो. ती शेवटी होते, हात स्थिर असेल तेव्हाच होते, आणि मनासारखी नजर उतरली नाही की तो रंग पुसून पुन्हा बसतो. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेलं. अशा वेळी थोरला आत हाक मारत नाही. “संध्याकाळी या, काका, तुमच्या बाप्पाचे डोळे अजून व्हायचेत,” एवढं सांगतो आणि चहा मागवतो. मूर्ती दोन तास उशिरा गेली तरी चालेल, पण नजर घाईत काढायची नाही, हा निर्णय त्याचा असतो. किमतीत तो कुठेही दिसत नाही.

अडचण येते ती हा माणूस गेल्यावर. कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. वारसाचं नाव घालून नवा करार करता येतो. पण कोणता दुकानदार दसऱ्यानंतरच पैसे देतो, कोणाकडे तगादा लावायचा नाही, भाऊ अडून बसला की त्याच्याशी कधी बोलायचं, हे करारात नसतं. रोजमेळाच्या वहीत मागच्या पानांवर पेन्सिलने केलेल्या खुणा असतात, आणि मुलगा पहिला पूर्ण हंगाम काकांना विचारत त्या खुणांचा अर्थ लावत बसतो.