लूथरच्या थालरमागची भट्टी

मार्टिन लूथरच्या ख्रिस्ती धर्मसुधारणेला १६१७ साली शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा जर्मनीतील सॅक्सनीचा शासक योहान गेऑर्ग पहिला याने चांदीचे स्मारक थालर, म्हणजे मोठी चांदीची नाणी, पाडले. त्यांच्या एका बाजूला तो स्वतः, दुसऱ्या बाजूला लूथरला संरक्षण देणारा फ्रीडरिश तिसरा आणि कडेला ‘सेक्युलम लुथेरानुम’, म्हणजे लूथरचे शतक, ही अक्षरे आहेत. अशी जुनी नाणी शुद्ध चांदीचीच असतात, असा समज सर्वत्र आढळतो. तो का चुकीचा आहे, हे कळण्यासाठी भट्टीपाशी जावे लागते.

लूथरचे वडील हान्स मान्सफेल्ड येथे तांबे गाळण्याचा व्यवसाय करीत. तिथल्या तांब्यात थोडी चांदी असे. ती काढण्यासाठी तांबे शिशासोबत वितळवून जाड चकत्या ओतत. थिजताना तांबे आणि शिसे विलग होतात आणि चांदी बहुतांशी शिशात जाते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांनाच. त्यामुळे चकत्या बेताने तापवल्या की चांदी घेतलेले शिसे थेंबाथेंबाने गळे आणि तांबे मागे उरे.

आता हे शिसे वितळवून त्यावर भात्याने हवा सोडत. शिशाचे ऑक्साइड, म्हणजे आपले मुर्दाडशिंग, तयार होई. चांदीचे ऑक्साइड मात्र इतक्या उष्णतेत टिकतच नाही. वितळलेले मुर्दाडशिंग काही ओघळून बाहेर काढले जाई, काही भट्टीच्या राखेच्या तळात मुरे. वितळलेल्या धातूचा पृष्ठताण फार मोठा असल्याने तो राखेला भिजवत नाही, ऑक्साइड भिजवते; म्हणून चांदी वरच राहते. अखेर ऑक्साइडचा शेवटचा पापुद्रा फाटून चांदी एकाएकी लखलखते. जर्मन कारागीर या क्षणाला ‘सिल्बरब्लिक’ म्हणतात. योआखिमस्टाल या खाणींच्या गावात वैद्यकी केलेल्या अग्रिकोला या विद्वानाच्या, खाणकाम आणि धातुकामावरील १५५६ मध्ये छापलेल्या ग्रंथात या दोन्ही कृती चित्रांसह दिल्या आहेत. सॅक्सनीतील फ्रायबेर्ग या खाणींच्या शहराच्या शिसेयुक्त खनिजातील चांदीलाही यांपैकी दुसरी कृती लागतेच.

इतक्या कष्टाने तांबे आणि शिसे दूर केल्यावर टांकसाळीत पुन्हा मोजून तांबे घातले जाई, कारण निव्वळ चांदी मऊ असते आणि हाताळताना झिजते. पवित्र रोमन साम्राज्याने (ज्यात जर्मन राज्ये होती) १५६६ मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार थालरच्या नऊ भागांत आठ भाग चांदी असे: सुमारे २९.२ ग्रॅम वजनात जवळजवळ २६ ग्रॅम.