सिकलसेलचं दिव्यांग सर्टिफिकेट : नागपूरकरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि बोर्डासमोर खरं काय होतं ते

उत्तर नागपूर घ्या की रामटेक-पारशिवनीकडची गावं, सिकलसेल म्हणजे काय (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) हे आपल्याकडे कोणाला बसवून समजवावं लागत नाही, घरात नसला तर शेजारी एखादा पेशंट असतोच. विदर्भात हा आजार जास्त करून अनुसूचित जाती, आदिवासी आणि ओबीसीतल्या काही समाजांत दिसतो, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच पैसा कमी आणि सरकारी दवाखान्याशिवाय पर्याय नाही अशाच घरांत. पण या आजारावर दिव्यांग सर्टिफिकेट मिळतं, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) निघतं, हे मात्र अजून खूप जणांना माहीतच नाही. कोणाला सांगितलं तर म्हणतात, "हातपाय तर धड आहेत, मग दिव्यांग कसा?" आणि हाच प्रश्न कधीकधी खिडकीमागचा बाबूही विचारतो, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून टाकतो.

2016 साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला, लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, नव्यात 21 झाले, आणि त्यात रक्ताचे तीन आजार आले : हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल. त्यामुळे कोणी उपकार केल्यासारखं बोलत असेल तर सरळ सांगायचं की कायद्याच्या यादीत नाव आहे, आम्ही मागून नाही राहिलो, हक्काचं घ्यायला आलो.

कोणाला मिळतं, कोणाला नाही

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला मिळतं, म्हणजे रिपोर्टवर एसएस लिहिलेलं असतं तो, किंवा सिकल आणि बीटा थॅलेसेमिया असं दोन्ही मिळून असलेला पेशंट. एएस म्हणजे वाहक, त्याला नाही. वाहकाला साधारणपणे काही त्रास नसतो, त्याच्यासाठी मुद्दा फक्त लग्नाच्या वेळी येतो, कारण दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असायची शक्यता 25 टक्के राहते. तर एएसवाल्याला "करून देतो सर्टिफिकेट" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो सरळ फसवून राहिला, एक रुपयाही देऊ नका.

दुसरं म्हणजे रिपोर्ट कोणता ते पाहा. पीएचसीत किंवा शाळेच्या कॅम्पात बोटाच्या रक्ताची जी टेस्ट होते ती सोल्युबिलिटी, त्यातून फक्त सिकल आहे एवढंच कळतं, एएस की एसएस ते नाही. बोर्डाला, म्हणजे दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांना, लागतो एचपीएलसी नाहीतर इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या टेस्टचा रिपोर्ट. सरकारी यंत्रणेत हा फुकट होतो, आशाताईंना किंवा पीएचसीत विचारा, शहरात असाल तर डागा, मेयो, मेडिकल ही सरकारी हॉस्पिटलं आहेतच. आणि हो, नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर टेस्टच्या आधी डॉक्टरला नक्की सांगा, कारण डोनरचं रक्त मिसळलेलं असताना केलेला रिपोर्ट गडबडतो, मग बोर्डासमोर एसएसचा पेशंट कागदावर भलताच काही दिसतो.

सर्टिफिकेटसाठी जात, उत्पन्न यांची काही अट नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांच्यासाठी लोक आधी तहसीलला चकरा मारत बसतात आणि मूळ अर्ज तसाच राहतो. ते दाखले नंतर वेगळ्या योजनांना लागतील, इथे नाही.

अर्ज कसा भरायचा

स्वावलंबन कार्ड डॉट जीओव्ही डॉट इन ही केंद्र सरकारची साइट, तिथे युडीआयडीसाठी नवीन अर्ज. मोबाइलवरून होतो, नाहीतर सेतू किंवा नेट कॅफेत जा. अर्जाला सरकारी फी नाही, कॅफेवाला त्याच्या टायपिंगचे घेईल तेवढेच. फक्त मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा, काही कॅफेवाले घाईत स्वतःचा टाकून मोकळे होतात आणि मग तारखेचा मेसेज, ओटीपी सगळं त्याच्याकडे जातं आणि तुम्ही इकडे वाट पाहत बसता.

लागतं काय तर आधार, पासपोर्ट साइज फोटो, पत्त्याचा पुरावा (आधारवर चालू पत्ता असेल तर तेच, नसेल तर रेशन कार्ड, लाइट बिल वगैरे), आणि आजाराचे कागद. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना यादीत खाली जाऊन सिकलसेलच निवडा, "इतर" किंवा अस्थिव्यंग नाही. खुब्याच्या त्रासामुळे काही जण चालण्याचं दिव्यांगत्व टाकून देतात आणि मग हाडांच्या डॉक्टरकडे फाइल जाते, मूळ आजार राहून जातो.

पुढे हॉस्पिटल निवडायचं असतं. नियम असा आहे की तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करू शकता, किंवा ज्या सरकारी हॉस्पिटलात तुमचा इलाज चालू आहे तिथे. हे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण इलाज नागपुरात आणि सर्टिफिकेटसाठी परत जिल्ह्याला जा असं तोंडी सांगून पिटाळतात. तसं पिटाळता येत नाही. नागपुरात अर्ज करत असाल तर हॉस्पिटल निवडायच्या आधी तिथल्या दिव्यांग कक्षात जाऊन एकच विचारा, रक्ताच्या आजाराचं असेसमेंट कोणत्या दिवशी होतं आणि त्यासाठी फिजिशियन किंवा लहान मुलांचे डॉक्टर बसतात का. बहुतेक बोर्डांचे दिवस ठरलेले असतात, भलत्या दिवशी गेलं की रोजी बुडाली.

अर्ज झाला की एनरोलमेंट नंबर मिळतो, त्याची प्रिंट काढून फाइलला लावा. 2024 मध्ये नियम बदलले, आता सर्टिफिकेट द्यायला 3 महिन्यांची मुदत आहे (आधी 1 महिना होती, म्हणजे आपलं काम वाढलं आणि त्यांना वेळ मिळाला). आणि अर्ज करून 2 वर्षं तुम्ही तपासणीला गेलाच नाहीत तर अर्ज रद्द धरतात, परत नव्याने भरा.

बोर्डासमोर : इथेच टक्के ठरतात

आता खरी गोष्ट. सिकलसेल दिसत नाही. लकवा दिसतो, कुबडी दिसते, पण दुखणं उठतं रात्री दोन वाजता घरात आणि बोर्ड पाहतं सकाळी अकरा वाजता, तेव्हा पेशंट बरा असतो म्हणूनच तर रांगेत उभा असतो. कॉलेजात शिकणारी एक मुलगी बोर्डासमोर गेली, केस नीट बांधलेले, चांगला ड्रेस, टेबलामागून पहिला प्रश्न आला, "चालत तर येऊन राहिली, काय त्रास आहे तुला?" तिने पिशवीतून कागद काढले, त्यात दोन डिस्चार्ज कार्डं होती, बाकी सगळं तोंडी. आई सांगत होती की दर महिन्याला रक्ताची बाटली लागते, पण बाटलीचा एक कागद नाही. टक्के 40 च्या खाली आले आणि 40 च्या खाली म्हणजे बहुतेक सवलती बंद.

कारण टक्के तोंडावर मिळत नाहीत. पाहिलं जातं ते असं की दुखणं वर्षात कितीदा उठतं, किती वेळा भरती व्हावं लागलं, रक्त किती वेळा चढवलं, आणि अवयवांवर काय परिणाम झाला : खुब्याचं हाड खराब झालं का, लकव्याचा झटका आला का, छातीत, किडनीत, डोळ्यांत काही आहे का. ज्याचा कागद आहे ते झालं, ज्याचा नाही ते झालंच नाही.

म्हणून फाइल. साधी दोरीची फाइल चालते, पण तारखेनुसार लावा. वर एचपीएलसी रिपोर्ट. मग सगळी डिस्चार्ज कार्डं. मग कॅज्युअल्टीचे कागद, हे लोक फेकून देतात, रात्री गेलो, सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, सकाळी घरी, भरती नाही केलं म्हणून कागदाचं काय करायचं असं वाटतं, पण दुखणं उठल्याचा पुरावा तोच आहे. मग रक्त चढवल्याच्या नोंदी, ब्लड बँकेची स्लिप किंवा वॉर्डातल्या नोंदीची झेरॉक्स. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं औषध) चालू असेल तर त्याच्या चिठ्ठ्या. एक्सरे, एमआरआय, टूडी इको जे असेल ते. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या नागपूरच्या उन्हाळ्यात सहा महिन्यांत पांढऱ्या पडतात, त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढा. ओरिजिनल दाखवायचं, द्यायचं नाही, जमा फक्त झेरॉक्स.

जुने कागद हरवले असतील तर ज्या हॉस्पिटलात भरती होता तिथल्या मेडिकल रेकॉर्डमध्ये अर्ज द्या, भरतीची अंदाजे तारीख सांगता आली तर मिळायची शक्यता वाढते. आणि नावाचं स्पेलिंग : आधारवर एक, डिस्चार्ज कार्डवर दुसरं, वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही, यावर फाइल परत येते. पुढच्या ओपीडीपासून तरी चिठ्ठीवर आधारसारखंच नाव लिहायला सांगा.

टक्क्यांप्रमाणे कार्डाचा रंग ठरतो, 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि वर निळं. कार्ड सगळ्या देशात चालतं. लहान मुलांना बऱ्याचदा ठराविक मुदतीचं देतात, मुदत पाहून ठेवा आणि संपायच्या आधीच रिन्यूचा अर्ज टाका.

नाकारलं किंवा टक्के कमी दिले तर

"होत नाही" असं तोंडी ऐकून घरी येऊ नका. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, तसा नियम आहे. लेखी मागितलं की कधीकधी तिथल्या तिथे सूर बदलतो. कायद्याच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येतं, अपिलात रडगाणं नको, बोर्डाने कोणते कागद पाहिले नाहीत ते तारखेसकट लिहा आणि झेरॉक्स जोडा. त्यावरही काही झालं नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे, तिथे लेखी तक्रार जाते. अर्ज द्याल तिथे दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्यायची, हे सांगायला नको पण सांगतो.

हातात आल्यावर काय मिळतं

शिक्षणात 40 टक्क्यांवर असाल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के आरक्षण आहे, वयात 5 वर्षांची सूट आहे. 6 ते 18 वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावी-बारावीच्या पेपरला तासामागे 20 मिनिटं जास्त मिळतात, पण त्यासाठी शाळेने परीक्षेच्या बोर्डाला आधीच कळवलेलं पाहिजे, परीक्षेच्या आठवड्यात हेडमास्तरांकडे गेलं तर ते तरी काय करणार.

नोकरीचं मात्र वेगळं आहे आणि हे मला अजिबात पटत नाही. त्याच कायद्याच्या कलम 34 मध्ये नोकरीचं 4 टक्के आरक्षण आहे, पण त्यात ज्या गटांची नावं आहेत त्यांत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे कॉलेजात प्रवेश देतो, पदवी घे, आणि पुढे आम्ही ओळखत नाही. पोरं दिव्यांग कोट्यातून फॉर्म भरतात आणि कागद तपासणीत बाहेर पडतात, म्हणून जाहिरातीतला दिव्यांग प्रकार वाचूनच फॉर्म भरा. बदल करायचा असेल तर तो दिल्लीत कायद्यातच व्हावा लागेल, खासदाराकडे निवेदन द्यायला विषय चांगला आहे, गटार-रस्त्याच्या निवेदनांत हाही एक जाऊ द्या.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलला, दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000, आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 2,500 आहेत. इथे उत्पन्नाचा दाखला लागतो, 15 वर्षांच्या रहिवासाचाही. एसटीच्या साध्या गाडीत सिकलसेल पेशंटला मोफत प्रवास आहे, रेल्वेत तपासणीला जाताना तिकिटात 50 टक्के सूट आहे, दोन्हीसाठी डॉक्टरचं सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र लागतं.

पुढच्या दोन गोष्टींसाठी तर युडीआयडीची वाटही पाहायची नाही. एक, महात्मा फुले जन आरोग्य योजना, आता रेशन कार्ड कोणत्याही रंगाचं असो, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत आहे, भरती झाल्याबरोबर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा किंवा 155388 ला फोन करा. दुसरं, रक्त. सिकलसेल पेशंटला सरकारी ब्लड बँकेत रक्त फुकट आहे आणि बदल्यात डोनर आणा असं म्हणता येत नाही. "दोन माणसं आणा मग पिशवी देतो" असं कोणी म्हटलं तर सिकलसेलचं कार्ड दाखवा आणि तेही लेखी मागा.