ग्रिट्स : मक्याच्या कण्यांमागची राख

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, जॉर्जियात किंवा साउथ कॅरोलायनात, न्याहारीला बसलं की अंडी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाशेजारी एक पांढरा, वाफाळता, सरसरीत पदार्थ येतो. वर लोण्याचा गोळा विरघळत असतो. हे ग्रिट्स, म्हणजे सरळ मराठीत मक्याच्या कण्या. ज्वारीच्या कण्या ताकात कालवून ज्यांनी ओरपल्या आहेत, त्यांना पहिल्याच घासाला ओळख पटेल.

दगडी जात्याचे ग्रिट्स करायचे तर ते रात्रीच भिजत घालायचे. सकाळी वर तरंगणारी फोलपटं काढून टाकायची. वाटीला चार वाट्या पाणी, मीठ, मंद आच आणि पाऊण-एक तास ढवळणं. पळी थांबली की तळाशी लागतं, आणि रटरटताना उडालेला शिंतोडा हाताला चांगलाच चटका देतो. मीठ घालावं की साखर, यावरून तिकडे घराघरात दोन तट आहेत. मी मिठाच्या बाजूची.

जॉर्जियाने २००२ साली ग्रिट्सना राज्याच्या अधिकृत खाद्यपदार्थाचा मान दिला. पण हा पदार्थ मुळात जॉर्जिया हे नाव पडण्याच्या कितीतरी आधीचा. मस्कोगी आणि आग्नेय अमेरिकेतल्या इतर मूलनिवासी जमाती मका लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवत. त्याने दाण्याचं साल सुटतं, वास बदलतो, दाणा फुगतो. असा सोललेला मका म्हणजे हॉमिनी. हा शब्द व्हर्जिनियाच्या मूलनिवासी भाषेतून आला. ग्रिट्स हा शब्द मात्र जुन्या इंग्रजीतला, अर्थ भरड. गोऱ्या वसाहतवाल्यांनी पदार्थ उचलला, त्याला आपलं नाव दिलं आणि राख हळूहळू मागे पडली.

१८३०च्या कायद्याने या जमातींना त्यांच्या भूमीतून हुसकावून पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, नेलं गेलं. त्यांचा मका मात्र दक्षिणेतच राहिला, आणि तो पिकवायला व दळायला गुलाम माणसं होती. गुलामीतून निसटलेले लेखक फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मचरित्रात मेरीलँडमधल्या मळ्यावरचा महिन्याचा शिधा नोंदवून ठेवलाय : आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढे मासे, आणि एक बुशेल (सुमारे ३५ लिटरचं माप) मक्याचं पीठ. वर्षानुवर्षं माणसं मक्यावर राबली. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गल्ला-गीची लोकांनी, पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांनी, खाडीतल्या कोळंबीची जोड देऊन याच कण्यांना चव आणली. चार्ल्स्टनच्या आसपास कोळंबी-ग्रिट्स ही कोळ्यांची सकाळची न्याहारी होती.

राख सुटल्याची किंमत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळली. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व दाण्यात बांधलेलं असतं. अल्कलीच्या, म्हणजे राखेसारख्या क्षाराच्या, पाण्यात शिजवल्यावर ते मोकळं होतं. त्यात नव्या गिरण्या टिकाऊपणासाठी मक्याचा कोंबही काढून टाकू लागल्या. ज्यांच्या ताटात मका, काकवी आणि डुकराची चरबी एवढंच होतं, त्या कापूसगिरणीतल्या कामगारांना आणि वाट्याने शेती करणाऱ्यांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा रोग, झाला. उन्हात उघडी राहणारी कातडी सोलली जायची, जुलाब, मग भ्रम आणि मृत्यू. सरकारी आरोग्यसेवेचे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर १९१४ साली या कामावर आले. पुढच्याच वर्षी मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर त्यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना काही महिने दक्षिणेचा हाच गरिबीचा आहार दिला, त्यात ग्रिट्सही होते. अनेकांच्या अंगावर पेलाग्राचे चट्टे उठले. रोग जंतूंचा नव्हे, ताटाचा आणि मजुरीचा आहे, हे त्यांनी ठासून सांगितलं, पण ते पटायला दक्षिणेला फार वेळ लागला. नायसिनची ओळख पटली १९३७ साली, गोल्डबर्गर गेल्यानंतर.

आपल्याला हे परकं वाटू नये. ज्वारीवरच पोट भरणाऱ्या दख्खनच्या गरिबांतही पेलाग्रा होता, आणि हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी १९६०च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. भाकरी वाईट नव्हती. भाकरीबरोबर दूध-डाळ नसणं वाईट होतं.

ग्रिट्सचे दिवस पालटले ते १९८०च्या दशकात. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिल गावी 'क्रुक्स कॉर्नर' या हॉटेलात शेफ बिल नील कोळंबी-ग्रिट्स वाढत. १९८५ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लिहून आलं आणि न्याहारीचा पदार्थ रात्रीच्या जेवणात, महागड्या टेबलांवर पोचला. १९९८ साली ग्लेन रॉबर्ट्स यांनी साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात 'अँसन मिल्स' ही गिरणी सुरू करून जुन्या वाणांचा मका पुन्हा दगडावर दळायला घेतला. पाच मिनिटांत होणाऱ्या पाकिटातल्या ग्रिट्सने ज्यांची चव ठरवली होती, त्यांना मक्याचा खरा वास तेव्हा कळला. हे काम मोलाचं आहे.

तरी आज वाडग्यात येणारे बहुतेक ग्रिट्स, महागडेसुद्धा, राखेच्या पाण्याला न लागलेल्या मक्याचे असतात. ओक्लाहोमातली मस्कोगी घरं मात्र सोफकी करतात : फोडलेला मका, पाणी, आणि जुन्या पद्धतीने करायचं तर राखेचं गाळलेलं पाणी. पातळ पेज होते. काही जण ती ताजी पितात, काही जण दोन दिवस आंबू देतात.